सण, उरूस, फातेहा आणि चाळीसावा : आधार कुरआन-हदीसचा की रिवाजाचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न बहुतेक मराठी मुस्लिम घरांतून आलेले आहेत आणि काही त्यांच्या हिंदू शेजाऱ्यांनी विचारलेले आहेत. सतत येणारे प्रश्न एकत्र करून त्यांना क्रमांक दिले आहेत. एकाच मुद्द्याची दोनदा उत्तरे देण्याऐवजी जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवले आहे.

१. एखाद्या प्रथेला शास्त्राधार आहे, असे इस्लाममध्ये नेमके केव्हा म्हणायचे? ती कुरआनात असली तरच का?

नाही. पहिला आधार कुरआनाचा आणि दुसरा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या उक्ती व आचरणाचा, म्हणजे हदीसचा. त्यानंतर विद्वानांचे एकमत (इज्मा) आणि तुलनेने काढलेला निष्कर्ष (कियास) येतात. रोजच्या नमाजाचेच उदाहरण पुरेसे आहे. नमाजाची आज्ञा कुरआनात वारंवार येते, परंतु वेळा पाच, फज्रच्या (पहाटेच्या) फर्ज (अनिवार्य) रकाती (नमाजाच्या फेऱ्या) दोन आणि मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या) तीन, हा तपशील हदीसमधून आलेला आहे. त्यामुळे 'कुरआनात नाही म्हणजे इस्लाममध्ये नाही' हे वाक्य घाईचे ठरते.

मात्र 'हदीसमध्ये आहे' एवढे म्हणूनही भागत नाही. बुखारी (मृत्यू ८७०) आणि मुस्लिम (मृत्यू ८७५) यांच्यासारख्या संकलकांनी प्रत्येक कथनाची सांगणाऱ्यांची साखळी तपासली आणि त्या छाननीतून सहीह (विश्वसनीय), हसन (स्वीकारार्ह), जईफ (कमकुवत) आणि मौजू (बनावट) अशा प्रती ठरत गेल्या. एखाद्या रात्रीचे वा नमाजाचे अफाट पुण्य सांगणारा संदेश मोबाईलवर आला, तर ती हदीस कोणत्या ग्रंथात आहे आणि तिची प्रत कोणती, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. रिवाज (उर्फ) या सर्वांच्या खालच्या पायरीवर येतो. शास्त्राशी विसंगत नसलेला रिवाज फिकहला (इस्लामी विधिशास्त्राला) चालतो, पण तो कोणावर बंधनकारक होत नाही.

२. बिदअत म्हणजे काय? प्रेषितांच्या काळात नसलेली प्रत्येक गोष्ट बिदअत ठरते का?

बिदअत म्हणजे धर्मात घातलेली नवी भर. 'आमच्या या धर्मात जो त्यातले नसलेले काही आणील, त्याचे ते नाकारले जाईल,' या आशयाची हजरत आयेशा (रजि.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. लाऊडस्पीकर, घड्याळ, छापील कुरआन ही साधने आहेत, उपासना नव्हेत, म्हणून ती यात येत नाहीत.

खरा वाद उपासनेसारख्या दिसणाऱ्या नव्या गोष्टींचा आहे. रमजानमध्ये प्रेषितांनी काही रात्री तरावीहची (रमजानमधली रात्रीची जादा) नमाज जमातीने पढवली आणि ती लोकांवर फर्ज होईल या काळजीने थांबवली. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी लोकांना उबई इब्न कअब यांच्यामागे एकत्र केले आणि 'ही किती चांगली बिदअत आहे,' असे उद्गार काढले. या एका उद्गारावर विद्वानांत शतकानुशतके चर्चा चालू आहे. इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) यांनी बिदअतचे वाजिबपासून (आवश्यक) हरामपर्यंत (निषिद्ध) पाच प्रकार केले, तर अंदलुसचे शातिबी (मृत्यू १३८८) यांनी ही विभागणीच नाकारली. आज मिलाद (प्रेषितांचा जन्मोत्सव) किंवा फातेहा (मृताच्या नावे कुरआनपठण) यांवरून मोहल्ल्यात जे वाद होतात, त्यांचे मूळ बहुतेक वेळा या मतभेदात असते. समोरच्याला कुरआन माहीत नाही असे समजून बोलणे त्यामुळे अन्यायाचे होते.

३. रमजान ईद आणि बकरी ईद तरी कुरआनात आहेत ना? आणि शीरखुर्मा?

रमजानचे रोजे कुरआनात स्पष्ट आहेत (२:१८३ ते १८५) आणि हजच्या काळातील कुर्बानीही आहे (सूरह हज). दोन्ही ईद सण म्हणून हदीसने ठरवल्या. मदिनेत लोक वर्षातून दोन दिवस खेळाचे म्हणून पाळत असत. त्यांच्या बदल्यात अल्लाहने यांहून चांगले दोन दिवस दिले आहेत, असे प्रेषितांनी सांगितल्याचे अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. फितराही (रमजान ईदला गरिबांना द्यायचे दान) हदीसमधूनच येतो.

शीरखुर्मा हा रिवाज आहे, पण त्याच्या तळाशी एक सुन्नत (प्रेषितांची रीत) सापडते. रमजान ईदच्या नमाजाला निघण्यापूर्वी प्रेषित खजूर खात आणि तेही विषम संख्येत, असे बुखारीत आहे. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. सकाळी घाईने नमाजाला निघणाऱ्या मुलाच्या हातावर आई तीन खजुरा ठेवते, तेव्हा ती सुन्नत पाळत असते. शेवया, चारोळी आणि सुका मेवा ही आपल्याकडची भर आहे, आणि या गोड भरीला कोणत्याही विद्वानाने आक्षेप घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

४. कुर्बानीच्या मटणाचे तीन समान वाटे केलेच पाहिजेत का?

नाही. कुरआन 'त्यातून खा आणि गरजूंना खाऊ घाला' असे सांगते (२२:२८, २२:३६) आणि पुढच्याच आयतीत बजावते की अल्लाहपर्यंत ना मांस पोहोचते ना रक्त, पोहोचतो तो तुमचा तकवा (अल्लाहविषयीची भक्तियुक्त भीती). तीन वाटे ही विद्वानांनी सुचवलेली चांगली रीत आहे. कुर्बानी स्वतः वाजिब आहे की सुन्नत, हेही मसलकवर (हनफी, शाफई, मालिकी यांसारख्या पंथावर) अवलंबून आहे. दख्खनमधल्या हनफी घरांत ती ऐपत असलेल्यावर वाजिब मानतात, तर कोकणातल्या शाफई घरांत सुन्नत-ए-मुअक्कदा (आग्रहाची सुन्नत). मुंबईतल्या एका चाळीत शेजारी राहणाऱ्या अशा दोन कुटुंबांची उत्तरे वेगळी असली, तरी दोघांच्याही उत्तराला आधार आहे.

५. ईद-ए-मिलादला आधार आहे का? आजी तिला 'बारावफात' का म्हणते?

सोमवारच्या रोज्याबद्दल विचारले असता 'त्या दिवशी माझा जन्म झाला,' असे प्रेषितांनी सांगितल्याची हदीस मुस्लिममध्ये आहे. जन्माची आठवण ठेवण्याला यापेक्षा थेट आधार नाही, आणि तो आहे दर आठवड्याच्या रोज्याचा, वार्षिक जुलूसचा नव्हे. जन्मतारखेबद्दलही मतभेद आहेत. १२ रबीउल अव्वल ही प्रचलित तारीख आहे. वफातही (मृत्यू, इ.स. ६३२) त्याच तारखेला झाली असे सर्वसाधारणपणे मानतात, म्हणून दिवसाचे जुने नाव बारावफात पडले. जुन्या पिढीच्या तोंडी अजून तेच आहे.

सार्वजनिक मिलाद प्रथम इजिप्तच्या फातिमी या शिया राजवंशाच्या दरबारात दिसतो. सुन्नी जगात तेराव्या शतकाच्या प्रारंभी इराकमधील इरबिलचा शासक मुजफ्फरुद्दीन (मृत्यू १२३३) याने तो मोठ्या थाटात साजरा केला. मालिकी विद्वान फाकिहानी यांनी त्याला विरोध केला, आणि सुयूती (मृत्यू १५०५) यांनी त्या विरोधाला उत्तर देऊन कुरआनपठण, सीरतकथन (प्रेषितांचे चरित्र सांगणे) व अन्नदान एवढ्या मर्यादेत त्याला चांगली बिदअत ठरवले. जुलूसमधला कानठळ्या बसवणारा डीजे मात्र समर्थक आणि विरोधक दोघांच्याही मर्यादेबाहेर आहे.

६. शब-ए-बरातला (शाबान महिन्याच्या पंधराव्या रात्री) रात्रभर नमाज, दुसऱ्या दिवशी रोजा, हलवा आणि कबरस्तानात जाणे, यातले खरे काय?

प्रत्येक गोष्टीचे उत्तर वेगळे आहे. सूरह दुखानमध्ये (४४:३) उल्लेखिलेली 'बरकतीची रात्र' म्हणजे शाबानची पंधरावी, असे मत आरंभीच्या काळातले भाष्यकार इकरिमा यांच्या नावावर आहे. पण त्याच आयतीत कुरआन अवतरल्याचा उल्लेख आहे आणि कुरआन रमजानात अवतरले हे २:१८५ मध्ये स्पष्ट आहे. म्हणून बहुसंख्य भाष्यकार ती रात्र लैलतुल कद्र (रमजानमधली कुरआन अवतरल्याची रात्र) मानतात.

हदीसचे म्हणाल, तर हजरत आयेशा यांना प्रेषित त्या रात्री मदिनेतल्या बकीच्या कबरस्तानात आढळले, ही हदीस तिरमिजी यांनी नोंदवली आहे. ती बुखारी कमकुवत मानत, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. 'रात्री नमाज पढा आणि दिवसा रोजा ठेवा' ही इब्न माजा यांच्या संग्रहातली हदीस त्याहून कच्ची आहे. तरीही या रात्रीच्या क्षमेबद्दलची कथने अनेक साखळ्यांनी आलेली असल्यामुळे तिला काही फजीलत (श्रेष्ठत्व) आहे, असे बऱ्याच विद्वानांनी मानले आहे. बिदअतीविरुद्ध कठोर म्हणून प्रसिद्ध असलेले इब्न तैमिया (मृत्यू १३२८) हेही त्यांत आहेत. म्हणजे एकट्याने, घरी, मनापासून इबादत (उपासना) करायला आधार आहे. ठरावीक रकातींची 'खास नमाज' आणि फटाके यांना नाही.

आमच्या लहानपणी त्या संध्याकाळी वडील चुन्याची बादली आणि केरसुणी घेऊन कबरस्तानात जात, आजोबांच्या कबरीवरचे गवत काढत, उदबत्ती लावत, आणि घरी परतेपर्यंत चण्याच्या डाळीच्या हलव्याचा वास गल्लीत पसरलेला असे. त्या हलव्याला हदीस नाही, हे मला मोठेपणी कळले. कबरींची आठवण ठेवायला मात्र हदीस आहे (प्रश्न ९ पाहा). हलवा शेजाऱ्यांना वाटला तर तो चांगला रिवाज आहे. तो न केल्यास आजोबांचा आत्मा उपाशी परत जातो ही समजूत निराधार आहे आणि ती मुलांच्या मनात घालू नये.

७. शब-ए-मेराज, तेरा तेजी, आखरी चहारशंबा आणि कुंडे यांचे काय?

मेराजची (प्रेषितांच्या रात्रीच्या प्रवासाची व स्वर्गारोहणाची) घटना कुरआन-हदीसमध्ये आहे (१७:१), पण २७ रजब ही तारीख निश्चित नाही आणि त्या रात्रीची खास उपासना सिद्ध नाही. सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस अशुभ मानण्याची तेरा तेजीची समजूत तर थेट हदीसविरुद्ध जाते, कारण सफरला अपशकुन नाही असे बुखारीतच आहे. सफरच्या शेवटच्या बुधवारी प्रेषितांना बरे वाटले, ही आखरी चहारशंब्यामागची कथाही सिद्ध नाही. दख्खनच्या चालीरीतींचे जाफर शरीफ यांनी केलेले वर्णन १८३२ मध्ये इंग्रजीत छापले गेले, त्यात हे दोन्ही दिवस आहेत. म्हणजे रिवाज जुना आहे, परंतु जुनेपणा हा शास्त्राधार नव्हे. २२ रजबला शियांचे सहावे इमाम जाफर सादिक यांच्या नावे कुंडे (कुंड्यांत गोड पदार्थ ठेवून फातेहा) करतात, पण ती तारीख त्यांच्या जन्माशीही जुळत नाही आणि मृत्यूशीही नाही.

८. मोहरमचा रोजा करबलामुळे धरतात का? आणि ताबूत, पंजे, सवाऱ्या?

रोजा करबलाच्या आधीचा आहे. मदिनेत मूसा (अ.) यांच्या सुटकेची आठवण म्हणून यहुदी आशूऱ्याचा (मोहरमच्या दहावीचा) रोजा धरत असल्याचे पाहून प्रेषितांनीही तो धरला आणि पुढच्या वर्षी नववीलाही रोजा धरण्याचा मनोदय व्यक्त केला. प्रेषितांचे नातू हजरत हुसैन (रजि.) यांची करबला येथील शहादत त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, १० मोहरम हिजरी ६१ (१० ऑक्टोबर ६८०) रोजी झाली.

शिया परंपरेत त्या शोकाला इमामांच्या वचनांचा आधार आहे, त्यामुळे त्याला केवळ रिवाज म्हणणे योग्य नाही. सार्वजनिक शोकदिनाचे रूप मात्र ९६३ मध्ये बगदादेत बुवैही शासक मुइज्जुद्दौला याच्या आज्ञेने आले. ताबूत हे त्यानंतरचे भारतीय रूप आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंचच उंच ताबूत पाहायला सर्व धर्मांचे लोक लोटतात, आणि जिथे मुस्लिमांचे एकही घर नाही अशा काही गावांतही पंजे बसतात, मलिदा आणि चोंगे होतात, नवसाचे फकीर होतात, कत्तलच्या रात्री सवाऱ्या निघतात. सुन्नी फिकहमध्ये याला आधार नाही. देवबंदी विद्वान तर विरोधात आहेतच, पण दर्गे व उरूस मानणाऱ्या बरेलवी परंपरेचे अहमद रझा खान (१८५६ ते १९२१) यांनीही प्रचलित ताजियादारी (ताबुतांची प्रथा) नाजायज ठरवली होती, हे त्यांच्याच अनेक अनुयायांना ठाऊक नसते.

गावचा मोहरम बंद करा असे यावरून मी म्हणत नाही. तो गावाचा इतिहास आहे आणि शेजारधर्म त्यात मुरलेला आहे. तो धर्माचे फर्ज म्हणून मुलांना शिकवू नये, इतकेच शास्त्राच्या बाजूने म्हणता येते.

९. दर्ग्यावर जाणे शिर्क (अल्लाहला भागीदार मानणे) आहे का? उरूस आणि संदल (कबरीला चंदन चढवणे) कुठून आले?

'मी तुम्हाला कबरींच्या भेटीपासून रोखले होते, आता भेट द्या,' ही हदीस मुस्लिममध्ये आहे, म्हणून कबरीला भेट देणे सुन्नत आहे. त्याच संग्रहात कबर चुनेगच्ची करण्यास आणि तिच्यावर बांधकाम करण्यास मनाई असल्याचीही हदीस आहे, आणि 'माझ्या कबरीला उत्सवस्थान करू नका,' असे अबू दाऊद यांच्याकडे आहे. घुमट, गलेफ, संदल यांवर जो वाद आहे तो या हदीसींच्या अर्थाचा आहे.

उरूस या शब्दाचे मूळ विवाहाशी निगडित आहे. वलीचा (संतपुरुषाचा) मृत्यू म्हणजे त्याचे परमप्रियाशी मीलन, ही सूफी कल्पना त्यामागे आहे. वार्षिक उरूस कुरआन-हदीसमध्ये नाही. समर्थक त्याला ईसाल-ए-सवाब (मृताला पुण्य पोहोचवणे, प्रश्न १३ पाहा) आणि सत्संग मानतात, विरोधक बिदअत. पण कबरीला सजदा करणे आणि काबागृहासारखी प्रदक्षिणा घालणे यांना दोन्ही बाजूंनी मनाई केली आहे. अहमद रझा खान यांनी आदरार्थ सजदाही हराम ठरवला.

मुंबईच्या माहीम दर्ग्याच्या उरुसात पोलिसांकडून संदल चढतो आणि दहा दिवस जत्रा भरते. तिथे विसावलेले मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) स्वतः शाफई विद्वान होते आणि त्यांनी कुरआनावर अरबीत भाष्य लिहिले. जत्रेला जाणाऱ्या प्रत्येकाला एवढे तरी माहीत असावे असे मला फार वाटते.

१०. नवस बोलला होता, आता दर्ग्यावर कंदुरी (नवसाच्या बोकडाचे जेवण) करावी लागेल का?

नवस पुरा करण्याची कुरआनात स्तुती आहे (७६:७), परंतु नवस ही इबादत आहे आणि ती फक्त अल्लाहची होऊ शकते. पीराला उद्देशून बोललेला नवस मुळातच बातिल (रद्द) ठरतो, असे हनफी फिकहच्या प्रमाण ग्रंथांत आहे. त्यामुळे तो न फेडल्यास कोप होईल ही भीती बाळगू नये. अल्लाहसाठी बोकड देईन आणि दर्ग्यावरच्या गरिबांना जेवू घालीन, असे म्हटले असेल तर तो नवस वैध आहे. ते जेवण गरजूंचा हक्क ठरते आणि ते इतर कोणत्याही ठिकाणच्या गरिबांना दिले तरी चालते, असे हनफी विद्वान सांगतात. अल्लाहशिवाय अन्य नावाने कापलेला प्राणी कुरआनाने हराम केला आहे (२:१७३).

११. स्त्रियांना मजारपर्यंत (दर्ग्यातल्या कबरीपर्यंत) जायला शास्त्रात मनाई आहे का?

मतभेद आहे. वारंवार कबरींवर जाणाऱ्या स्त्रियांना लानत (शाप) असल्याची हदीस तिरमिजी यांच्याकडे आहे. दुसरीकडे, भेटीची परवानगी सर्वांना आहे आणि स्वतः हजरत आयेशा आपले भाऊ अब्दुर्रहमान यांच्या कबरीवर गेल्या होत्या. हाजी अली दर्ग्याच्या मजारपर्यंत स्त्रियांना जाण्यास घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी रद्द केली. ही बंदी इस्लामचा अत्यावश्यक भाग आहे हे ट्रस्टला दाखवता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले. अगोदर कित्येक वर्षे स्त्रिया तिथे जातच होत्या, म्हणजे या प्रकरणात प्रवेश नवा नव्हता, बंदी नवी होती.

१२. लग्नातली हळद चालते का? प्रेषितांचे सहकारी अब्दुर्रहमान इब्न औफ यांच्या अंगावर लग्नानंतर पिवळा रंग होता, अशी हदीस आहे म्हणतात.

हदीस खरी आहे, पण तो पिवळा डाग सुगंधी द्रव्याचा होता, असे भाष्यकार सांगतात. तिच्यातून हळदीचा विधी निघत नाही. त्याच हदीसमध्ये 'एका बकरीचा का होईना, वलीमा (लग्नानंतरचे जेवण) कर,' ही सूचना आहे. हळद हा रिवाज आहे आणि शिष्टाचाराच्या मर्यादेत तो चालतो.

हळदीवर इतके प्रश्न येतात आणि हुंड्यावर जवळजवळ एकही येत नाही, याचे मला दुःख होते. मेहर कुरआनाची आज्ञा आहे (४:४) आणि ती वराने वधूला द्यायची आहे. वधूपित्याकडून मोटारसायकल, फर्निचर आणि रोकड घेण्याला कुरआनात, हदीसमध्ये किंवा कोणत्याही मसलकच्या फिकहमध्ये आधार नाही. मेहर निकाहनाम्यावर लिहून वर्षानुवर्षे उधार ठेवायची आणि हुंडा मांडवात मोजून घ्यायचा, हा रिवाज शास्त्राला सरळ उलटा आहे.

१३. फातेहा, जियारत (तिसऱ्या दिवसाचा विधी), दहावा, विसावा, चाळीसावा यांतले काय सुन्नत आहे?

मृतासाठी दुआ आणि सदका पक्क्या आधाराचे आहेत. आपल्या गैरहजेरीत आई वारलेल्या साद इब्न उबादा यांनी तिच्या नावे दान दिले तर तिला लाभ होईल का, असे विचारले आणि प्रेषितांनी होकार दिला (बुखारी). कुरआनपठणाचे पुण्य पोहोचते का यावर मात्र मतभेद आहे. इमाम शाफई यांचे प्रसिद्ध मत नकाराचे आहे, हनफी आणि नंतरचे अनेक शाफई ते मान्य करतात. तिसरा, दहावा, विसावा, चाळीसावा हे दिवस शास्त्राने ठरवलेले नाहीत. सोयीसाठी एखादा दिवस धरला तर वेगळे, त्याच दिवशी केले नाही तर सवाब (पुण्य) मिळत नाही असे मानले तर ती बिदअत (प्रश्न २ पाहा).

जेवणावळीबाबत सुन्नत नेमकी उलटी आहे. मूअताच्या लढाईत प्रेषितांचे चुलतभाऊ जाफर (रजि.) शहीद झाल्याची बातमी आली तेव्हा प्रेषित म्हणाले, 'जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा.' आपल्या खेड्यांतही दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारणी टोपलीत भाकऱ्या व कालवण घेऊन येतात. तो रिवाज या हदीसशी जुळतो. उलट, एका भगिनीने पतीच्या चाळीसाव्याला दोनशे माणसांचे जेवण घालण्यासाठी बांगड्या गहाण ठेवल्याचे कळवले होते. तिला तसे करण्यास कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नव्हते.

१४. चाळीसावा झाला की विधवेची इद्दत (पुनर्विवाहापूर्वीचा प्रतीक्षाकाळ) संपते का?

नाही. इद्दत चार महिने दहा दिवसांची आहे (२:२३४), आणि गरोदर असल्यास प्रसूतीपर्यंतची (६५:४). चाळीस दिवसांचा तिच्याशी संबंध नाही.

१५. वडिलांनी वसीयतमध्ये 'माझा चाळीसावा थाटात करा' असे लिहिले आहे. भावंडांत एक अल्पवयीन आहे. आता काय करायचे?

क्रम असा आहे : आधी कफन-दफन, मग कर्जफेड, त्यात आईची न दिलेली मेहरही आली, मग वसीयत, आणि उरलेल्याचे वारसांत वाटप (४:११). वसीयत एकतृतीयांश मालमत्तेपलीकडे जाऊ शकत नाही. 'एकतृतीयांश, आणि तेही पुष्कळ आहे,' असे प्रेषितांनी साद इब्न अबी वक्कास यांना सांगितले होते. गरिबांना अन्नदान करण्याचा भाग या मर्यादेत पाळता येतो. सोयऱ्याधायऱ्यांची मेजवानी ही इबादत नसल्याने ती पाळण्याचे बंधन वारसांवर येत नाही. मृत्यूनंतरच्या अशा दावतीविरुद्ध अहमद रझा खान यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली आहे, त्यामुळे हा मुद्दा एका मसलकचा नाही.

अल्पवयीन भावाच्या हिश्श्यातून एक रुपयाही खर्च करता येणार नाही. त्याने आनंदाने होकार दिला तरी त्याची संमती ग्राह्य नाही, आणि अनाथांचा माल अन्यायाने खाणारे पोटात आग भरतात, असे कुरआनाचे शब्द आहेत (४:१०). म्हणून आधी वाटप करून त्याचा हिस्सा त्याच्या नावे वेगळा ठेवा. मोठ्या भावंडांना वडिलांच्या नावे काही करायचे असेल, तर ते त्यांनी स्वतःच्या हिश्श्यातून, झेपेल तेवढे आणि सोयीच्या दिवशी करावे.